आई-बाबांच्या नावांतली अक्षरं जोडून बाळाचं नाव: ही पद्धत आली कुठून, आणि आपल्याला ती इतकी का आवडते?

खानापूरची_लेक

नमस्कार मंडळी. माझी लेक आज नऊ दिवसांची झाली. पुढच्या रविवारी बारसं आहे आणि नावाचं घोडं अजून अडलेलंच आहे.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठी. सासर गोकाकचं, घरात सगळे कन्नड बोलतात. आम्ही दोघं राहतो बेळगावात. नवऱ्याचं नाव लिंगराज (बेळगावात हे नाव कॉलेजमुळे सगळ्यांच्या तोंडी आहेच), आणि माझं नाव ‘ई’ने सुरू होतं. दोघांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन बाळाचं नाव करायचं हे सातव्या महिन्यातच ठरलं होतं. ई आणि लि. ईली! मी वहीच्या मागच्या पानावर ते किती वेळा लिहून पाहिलं असेल सांगता येत नाही.

परवा सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. कन्नडमध्ये ‘इलि’ म्हणजे उंदीर. लिंगराजला विचारलं तर म्हणतो, “मी मराठीतून विचार करत होतो.”

तर नाव बाद झालं. खरं मला दोघांच्या अक्षरांचं नाव सोडवत नाहीये. माझी आई म्हणते ही हल्लीची थेरं. खरंच हल्लीची आहेत का? तुमच्या घरी असं नाव आहे का? आणि दोन्ही घरांत चालेल असं काही सुचतंय का?

---

तिसरं_गेट

अभिनंदन ताई! बाळाला आणि तुम्हाला आशीर्वाद. उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन की वो, एवढं काय त्यात! :)

---

शाळाबाई

मी मराठी प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते. हजेरीच्या वहीत यंदा विहान, रियांश, शिवांश, दिवांश, अन्वी, सान्वी, तन्वी. ‘अंश’ म्हटलं की चार हात वर होतात. यातली बरीच नावं आई-बाबांच्या अक्षरांवरून केलेली असतात, आणि ते मला मुलांपेक्षा आयांकडून जास्त कळतं.

प्रवेशाच्या दिवशी एक आई आली होती. शेतातून तशीच आलेली, पायाला चिखल. अर्ज मी भरत होते. मुलाचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव. तिने वाकून मुलाच्या नावातल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाई, ह्यातलं ‘सु’ माझं हाय.” त्या कागदावर तिचं स्वतःचं तेवढंच होतं. खाली आईच्या नावाचा रकाना आहे, पण मुलाला हाक मारताना तो रकाना कोण वाचतो?

तुमचा दुसरा प्रश्न ‘का आवडते’ असा आहे ना? माझ्यापुरतं उत्तर ते बोट आहे.

---

निपाणीकर

@शाळाबाई, अगदी. माझी बहीण कोल्हापूरला दिलीय. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव असा क्रम आला. तिच्या धाकट्याच्या कागदावर तिचं नाव थेट मधे बसलंय. इथून तासाभराच्या वाटेवर. आपण कर्नाटकात, म्हणून तो नियम आपल्याला नाही. मग इकडच्या आईने पोराच्या नावातच शिरायचं, दुसरी वाट कुठाय?

---

निवृत्त_गुरुजी

थोडं व्याकरणाचं सांगतो, म्हणजे गोंधळ होणार नाही.

दोन नावं एकत्र आणणं आपल्याला नवीन नाही. उमाशंकर, सीताराम, राधाकृष्ण, लक्ष्मीनारायण, हरिहर ही सगळी सामासिक नावं. त्यात दोन्ही शब्द अखंड उभे असतात. उमेश म्हणजे उमा अधिक ईश, रमेश म्हणजे रमा अधिक ईश, राकेश म्हणजे राका अधिक ईश. राका म्हणजे पौर्णिमेची रात्र. इथे संधी होते, स्वर एकमेकांत मिसळतात, पण शब्द मोडत नाही. उमा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

हल्लीच्या नावात शब्द मोडला जातो. एकाचं डोकं, दुसऱ्याची शेपटी. त्यातून येणाऱ्या शब्दाला कोशात अर्थ नसतो आणि मग इंटरनेटवर अर्थ शोधून चिकटवला जातो. ‘रेयांश’चा अर्थ ‘प्रकाशकिरणाचा अंश’ असा सर्रास सांगतात. संस्कृतात ‘रे’ हे संबोधन आहे, किरण नव्हे. किरणाला रश्मि आहे, अंशु आहे.

पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त असावं असं सांगितलंय. नाव तोंडात कसं वाजेल याचा इतका बारीक विचार आपल्या लोकांनी केला आहे. तो सोडून केवळ ‘यात मी, त्यात तू’ एवढ्यावर नाव ठेवणं मला पटत नाही. ताई, रागावू नका. बाळाला अनेक आशीर्वाद.

---

चिकोडीचा_ऊस

गुरुजी, एक भर घालतो. ‘श्रेयांश’ हल्ली नव्या फॅशनचं म्हणून ठेवतात. आमच्या जैन घरांत ते केव्हाचं आहे, फक्त शेवटी ‘स’. श्रेयांसनाथ, अकरावे तीर्थंकर. माझ्या आजोबांच्या भावाचं नाव श्रेयांस होतं. परवा एकाने मला सांगितलं, “तुमच्या आजोबांचं नाव भारी मॉडर्न.”

---

येळ्ळूरचा_पाहुणा

गुरुजींचा मान राखून बोलतो. शब्द मोडून जोडायचं काम आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

माझ्या पणजीचं नाव यल्लूबाई. यल्लम्मा सौंदत्तीची. कन्नडात एल्ल म्हणजे सगळे, अम्मा म्हणजे आई, सगळ्यांची आई. पणजीच्या नावात तिची ‘अम्मा’ काढली आणि मराठी ‘बाई’ जोडली. पणजोबा कल्लाप्पा. त्यांचा थोरला भाऊ यल्लोजी: देवी कन्नड, ‘जी’ मराठी. भरमाण्णा, भरमाजी, नागाप्पा, मल्लव्वा, मल्लोजी. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुठल्याही गावात जुन्या सातबाऱ्यावर (आपल्याकडे उताऱ्यावर म्हणा) बघा. मराठी घरात ‘आप्पा’ आणि ‘अव्वा’, कन्नड घरात ‘राव’ आणि ‘बाई’. आणि यल्लम्मा म्हणजेच रेणुका, म्हणून त्याच घरात एक परशराम हमखास.

यल्लूबाईचा अर्थ कुठल्या कोशात शोधणार? खरं नाव पक्कं होतं. नव्वदीपर्यंत बाईने गावकी केली त्या नावावर.

ताई, तुमच्या आईला सांगा, ही थेरं त्यांच्या आजीच्या आधीची आहेत.

---

निवृत्त_गुरुजी

@येळ्ळूरचा_पाहुणा, यल्लूबाईचा मुद्दा मान्य. मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

---

जहाजावरून

मी मर्चंट नेव्हीत आहे, मूळचा अनगोळचा. आमच्या जहाजावर निम्मे लोक फिलिपिन्सचे. त्यांच्याकडे हा प्रकार इतका मुरलाय की कुणाला नवल वाटत नाही. जेजोमार हे नाव ऐकलंय? जीझस, जोसेफ, मेरी, तिघांचं एकेक टोक. त्या नावाचे जेजोमार बिनाय 2010 ते 2016 त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते. आणि बायकांचं एक नाव आहे लुझविमिंडा: लुझॉन, विसाया आणि मिंडानाओ, देशातले तिन्ही भूभाग एका पोरीच्या नावात!

आमच्या बोसनच्या (म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आईचं नाव लुझविमिंडा. तो म्हणाला, तिकडे बेटा-बेटावर भाषा वेगळी, पण आईचं नाव सगळीकडे आपलंच वाटतं. मला लगेच आपला भाग आठवला.

---

पुस्तकातला_किडा

वर ‘हल्लीचं’ असा शब्द आला म्हणून लिहिते. व्हेनेसा हे नाव आज जगभर आहे. ते जोनाथन स्विफ्टने बनवलं. त्याच्या मैत्रिणीचं नाव एस्थर व्हॅनहॉमरी. आडनावातलं ‘व्हॅन’ आणि एस्थरचं लाडकं रूप ‘एसा’ एकत्र केलं. ते नाव ज्या कवितेत आहे ती 1726 साली छापली गेली. म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती तेव्हाची गोष्ट.

त्याहून जुनं हवं तर इंग्लंडात वुस्टरचा बिशप वुल्फस्टन. अकराव्या शतकातला. वडील एथेलस्टन, आई वुल्फगिफू. आईचा ‘वुल्फ’, वडलांचा ‘स्टन’. त्या काळच्या जर्मन-इंग्लिश लोकांत नावं दोन तुकड्यांची असत आणि मुलांना आई-बापाचे तुकडे वाटून देत. शाळाबाईंच्या शेतावरून आलेल्या आईने बोट ठेवलं तसंच वुल्फगिफूनेही ठेवलं असेल.

---

कुंदा_पाहिजे

मला ह्या धाग्यात सगळ्यात ‘बोसनची आई’ आवडली. खरं ताईंना नाव सुचवा की कुणीतरी, रविवार जवळ येतोय.

---

अर्ज_लिहून_मिळेल

नाव सुचवायच्या आधी एक कामाची गोष्ट. मी अर्ज, दाखले टाइप करून देतो, बावीस वर्षं झाली. दोन लिप्यांत चालणारं नाव निवडा.

आपल्याकडे जन्माचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. मराठीत ‘समीर’ लिहिलं की शेवटचा ‘र’ आपण तोडून म्हणतो. कन्नडमध्ये ‘ಸಮೀರ’ लिहिलं की शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात. आपल्या कानाला ते ‘समीरा’. म्हणून मुलाच्या नावाला शेवटी पाय मोडायला सांगायचं: ‘ಸಮೀರ್’. हे न सांगितल्यामुळे एका बापाला माझ्याकडे तीन फेऱ्या माराव्या लागल्या, कारण बँकेत पोराला मुलगी समजले. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, आपल्यात एकच. मेघा, मेधा, ओवी, यांचं कन्नड रूप स्वतः बघून घ्या. ‘ज्ञ’ असेल तर इंग्रजीत आपण डी-एन-वाय लिहितो, ते वेगळं लिहितात, मग आधार एक आणि दाखला एक.

आणि घाई करू नका. जन्म नोंदवायचा 21 दिवसांत, पण नाव नंतर घालता येतं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम 14 त्यासाठीच आहे. एका वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य कागद झालाय. तेव्हा एकदाच घाला, नीट घाला. ‘ईली’ला दीर्घ ई लिहून कागदावर वाचवता आलं असतं, पण शाळेच्या मैदानावर दीर्घ कोण ऐकतं?

---

टिळकवाडी_जुना

बेळगावीला नोंदणीचं काम आता ऑनलाइन होतं ना?

---

सीमाभाग_1956

बेळगाव म्हणा. बेळगावी नाही.

---

टिळकवाडी_जुना

1 नोव्हेंबर 2014 पासून कागदावर तेच आहे दादा, मी कागदाबद्दलच विचारत होतो. घरात मीही बेळगावच म्हणतो.

---

सीमाभाग_1956

कागदावर काहीही असू दे. मी शाळेत शिकलो तेव्हा वेणुग्राम शिकलो. तीन नावं एका गावाला, आणि दरवेळी नाव बदलताना आम्हाला कुणी विचारलं नाही. म्हणून जीव जळतो. नाव म्हणजे कुणी वरून चिकटवायची पाटी नव्हे. बाळाचं नाव आई-बापाने ठरवावं, आणि ताईंनी ते दोघांनी मिळून ठरवायचं म्हटलंय, हे मला मनापासून आवडलं. विषय भरकटवला असेल तर माफी.

---

नाव_सांगत_नाही

मी वाचत बसले होते, आता लिहितेच.

माझं नाव असंच आहे. बाबांच्या नावातली दोन अक्षरं, आईच्या नावातलं एक. 31 वर्षं ते घेऊन फिरतेय. शाळेत प्रत्येक नव्या बाईंना दोनदा सांगावं लागायचं. “याचा अर्थ काय गं?” “आई-बाबा.” मुलं हसायची. नववीत असताना मी आईशी भांडले होते की मला साधं प्रिया-पूजा का नाही ठेवलं.

बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. तोपर्यंत आई मला घरच्या टोपणनावाने हाक मारायची. बाबा गेल्यानंतर एक-दोन महिन्यांत ती मला पूर्ण नावाने हाक मारायला लागली. आधी माझ्या ध्यानात आलं नाही. मग एकदा स्वयंपाकघरातून हाक आली आणि तिने पहिली दोन अक्षरं जरा लांबवली, तेव्हा कळलं. घरात त्यांचं नाव घ्यायचा तिच्याकडे तेवढाच मार्ग होता. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, अजूनही.

गुरुजी, कोशात माझ्या नावाला अर्थ नाही हे खरं आहे.

---

निवृत्त_गुरुजी

बाळ, कोश माणसंच लिहितात. तुझ्या आईने अर्थ लिहिलेला आहे. माझा आधीचा प्रतिसाद मी थोडा कडक लिहिला होता.

---

शाळाबाई

@नाव_सांगत_नाही, डोळे भरून आले गं. आईला नमस्कार सांग.

---

नदीकाठची

खानापूरच्या ताई, एक सुचवू? तुमची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापूर तालुक्यात. गोकाकला घटप्रभेचा धबधबा. दोन्ही नद्या पुढे कृष्णेला मिळतात. मल आणि घट काढून टाका, दोन्हींत उरते ती प्रभा. अक्षर तोडायला नको, जोडायला नको. गुरुजींनाही चालेल!

---

कुंदा_पाहिजे

आहाहा! हे लई भारी.

---

अर्ज_लिहून_मिळेल

दोन्ही लिप्यांत सरळ. माझ्याकडून मंजूर.

---

येळ्ळूरचा_पाहुणा

प्रभा सुंदरच, खरं ताईंना स्वतःचा ‘ई’ पाहिजे. लिंगराजमधे ‘लि’ एकटाच थोडा आहे? ‘रा’ पण आहे की. ई-रा. ईरा!

---

निवृत्त_गुरुजी

इरा छान. संस्कृतात इरा म्हणजे पृथ्वी, वाणी, जल. मात्र त्यात इ ऱ्हस्व आहे. इरावती कर्व्यांचं नाव त्याच कुळातलं. त्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशातला, आणि नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं. दोन अक्षरं म्हणून गृह्यसूत्र अडतं, पण यावेळी मी अडवणार नाही.

---

खानापूरची_लेक

किती वाचलं मी आज! बाळ झोपलं की वाचते, उठलं की फोन उलटा ठेवते.

प्रभा आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “हे कसं नाव वाटतं.” ईरा मी मुद्दाम सासूबाईंसमोर मोठ्याने म्हटलं. आधी उंदराचं झालेलं, म्हणून लिंगराजच्या तोंडाकडे बघत. सासूबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. त्यांनी परत म्हणायला लावलं. मग विचारलं, “ईरव्वा?”

त्यांच्या सासूचं नाव ईरव्वा होतं. वीरभद्राचा ईरण्णा, तशी ईरव्वा. त्या वारल्या तेव्हा लिंगराज चार वर्षांचा, त्याला त्यांच्या बांगड्यांचा आवाज तेवढा आठवतो. घरात कुणी त्यांचं नाव पुढे ठेवलं नाही, कारण ‘अव्वा’ लावलेलं नाव आता मुलींना नको असतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “इरली.”

इरली म्हणजे ‘असू दे’.

---

येळ्ळूरचा_पाहुणा

ताई, अंगावर काटा आला बघा.

---

अर्ज_लिहून_मिळेल

दीर्घ ई. कन्नडमध्ये ‘ಈರಾ’, शेवटी काना द्यायला सांगा. कागद हातात आला की तिथल्या तिथे वाचून घ्या.

---

कुंदा_पाहिजे

बारशाचं लिहा ताई, वाट बघतोय. घुगऱ्या केल्या का?

---

खानापूरची_लेक

झालं बारसं! उशीर झाला लिहायला, घर पाहुण्यांनी भरलेलं.

घुगऱ्या हरभऱ्याच्या. पाळणा माझ्या माहेरचा, शिसवी, त्याची एक कडी सैल होती ती बाबांनी सकाळी घट्ट करून दिली. माझ्या आईने आणि मावशीने “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं. गोकाकच्या बायकांना त्याची गंमत वाटली, त्यांनी मग त्यांची तोट्टिलाची, म्हणजे पाळण्याची, गाणी म्हटली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, त्यांच्यातही सोदरत्तेचाच. त्यावरून वाद व्हायला जागाच नव्हती. नणंदेने ‘कुर्र्र’ केलं, माझ्या बहिणींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. हे कन्नड घरात इतक्या जोराने नसतं म्हणे, ती बिचारी दचकली आणि नाव दोनदा सांगितलं.

दाखल्यावर ईरा. माझे बाबा मात्र तिला प्रभाच म्हणतात. नदीकाठचीचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता, तेव्हापासून. सासूबाई ईरव्वा म्हणतात. काल दोघं एकदम पाळण्याशी आले, दोघांनी दोन हाका मारल्या, आणि ती झोपेत हसली.

---

शाळाबाई

सहा वर्षांनी पहिलीला पाठवा. हजेरीत मी दीर्घ ई म्हणेन.